‘समदं हाय’ म्हणणारी बहीण

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यावर काय टेकलीस परक्यासारखी? दिवाळीला गेलेली तू आज उगवतीस, आणि वर म्हणतीस, "आजी, लई अभ्यास असतो." असू दे. चित्रं दाखवून पोरांच्या बुद्धीची परीक्षा घ्यायला शिकतीस ना? तुम्ही मानसशास्त्रवाले सांगाल तसे शाळांचे नियम होतात, हे तूच मागं बोललीस. मग हे ऐकून जा.

आतल्या खोलीत पडून असते ती तुझी धाकटी आजी, माझी पाठची बहीण. ही लहान होती तेव्हाची गोष्ट, स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. मुळशी धरणाच्या अलीकडं आमचं गाव, देवळाच्या पडवीत शाळा. ही बोलायला जड, शब्द अडायचा. पण दोनाचा पाढा सुरात म्हणायची आणि पाटी उशाला घेऊन निजायची.

त्या साली पोरांची बुद्धी तपासायला पुण्याहून साहेब आले. नवा नियम होता, साहेब ज्याला मंदबुद्धी ठरवतील त्याला गावच्या शाळेत बसवायचं नाही, त्याची शाळा निराळी. ती होती पुण्यात. आमच्यातलं कोण तिथं पोचवणार?

आमच्या घरी तांदूळ संपले तरी 'वाढले' म्हणायचे. आई वेणी घालता घालता रोज बजावायची, "तोंडातनं न्हाई काढू नगं. वास्तू तथास्तु म्हणती."

साहेबांनी हिच्यापुढं चित्र धरलं. बाईच्या कपाळाला कुंकू नव्हतं.

"यात काय नाही, सांग बरं बाळ?"

"हाय."

"नीट बघ. काय राहिलंय?"

"समदं हाय."

मग समई दाखवली, वात नसलेली. "हाय." चूल दाखवली, जाळ नसलेली. "हाय की वो!" पोर रडकुंडीला आली.

मी दारातनं म्हणाले, "साहेब, ती अभद्र बोलत न्हाई."

"तू मधे सांगू नकोस हं," ते हसून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. जाताना तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.

पावसाळ्याआधी गुरुजी घरी आले. बसलेच नाहीत.

आई म्हणाली, "गुरुजी, पाढं येत्यात की तिला."

"ठाऊक हाय, वैनी. पण साहेबांचा शेरा पडला. आता माझ्या हातात काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी ही पाटी घेऊन तयार. गुरुजींनी पडवीतनं परत लावून दिली, तर देवळाच्या मागं भिंतीला पाठ लावून बसली. आतली पोरं पाढा म्हणायची, ही बाहेरनं म्हणायची. पोरं चिडवायची, "ए समदं हाय!" मग बापानं शेळ्यांमागं धाडली. पाढे हळूहळू गेले, मग बोलणंही. "शाळेनं काढलेली येडी" म्हणून कुणी मागणी घातली नाही. आई मरेपर्यंत म्हणत होती, "मीच शिकवलं होतं गं तिला तसं."

परवा विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "हाय." एवढंच उरलंय तिच्याजवळ.

तर लवकर ये परत, दिवाळीची वाट बघू नकोस. तिच्यापाशी बस घटकाभर. आणि येताना तुझी ती चित्रं आणू नकोस, नुसती ये.