आखाजीची आन

बातमी रवीनं दिली, हेच वाईट झालं. "अक्का, दादा गेला," तो फोनवर म्हणाला. मी जळगावच्या माझ्या स्वयंपाकघरात उभी. म्हणाले, "खोटं बोलू नकोस." तो रडत होता, तरी मी फोन कापला आणि धुळ्याला वहिनीला लावला. शेजारणीनं उचलला. मागची रडारड ऐकली तेव्हा कुठे पटलं. सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी चुलतभावाच्या तोंडून खरी वाटू नये... असं का, ते आज सांगूनच टाकते.

सुभाष माझा धाकटा. धुळ्याला हायवेवर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. पण जीव पत्त्यांत. भडगावला आमच्या गल्लीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही माहेरवाशिणी झोक्यावर आणि पुरुष रवीच्या ओट्यावर पत्ते कुटायला. त्या दिवशी पत्त्यांना कुणी नावं ठेवत नाही. आमच्या गल्लीचा एक नेम होता. कुणी "आखाजीनी आन, मनाकडे शे", म्हणजे आखाजीची शपथ, भारी पानं माझ्याकडे आहेत, असं म्हणालं की बाकीच्यांनी पानं टाकायची, बघायला मागायची नाहीत. भाऊबंदकीत भांडणं नकोत म्हणून कुण्या आजोबानं घातलेला नेम. त्यात कुणी खोटं बोलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

पुढे सुभाषला मोबाइलवर पोकरचा नाद लागला. मी शिव्या घालायचे, तो हसायचा. मग हा आणि रवी गोव्याला स्पर्धेला गेले, आणि शेवटच्या टेबलापर्यंत दोघंही टिकले! त्या खेळात प्रत्येकापुढे चकत्यांचा ढीग असतो, तो संपला की उठायचं. हातात दोन झाकली पानं, मध्ये पाच उघडतात, पाचव्याला रिव्हर म्हणतात म्हणे. सुभाषकडे तीन राजे जमले होते. पण उघड्या पानांत तीन बदाम पडलेले. रिव्हर उघडली आणि रवीनं आपला सगळा ढीग पुढे सारला. डावात दोघंच उरलेले. बरोबरीच्या चकत्या लावाव्या आणि रवीकडे कलर, म्हणजे तीन राजांना भारी असे पाच बदाम, निघावेत, तर स्पर्धेतून बाहेर. पानं टाकावी, तर थोडक्या चकत्यांवर तग धरायचा.

"अक्का, मला दिसत होतं गं," सुभाष सांगायचा. "त्याच्या मानेची शीर उडत होती. चिंचा चोरून आल्यावर उडायची, तश्शी. माझा हात चकत्यांवर गेलासुद्धा होता..."

तेवढ्यात रवी अहिराणीत म्हणाला, "दादा, टाकी दे. मनाकडे कलर शे. आखाजीनी आन."

वाटणाऱ्या मुलीनं "हिंदी में बोलिए" म्हणून हटकलं, पण बोलून झालं होतं. सुभाषनं तीन राजे टाकले. रवीनं हसत आपली पानं उलटली. कलर कसला, काळी दुर्री आणि काळी पंजी. "गंमत, दादा! खेळ शे हाऊ!"

खेळच तो, मान्य. पण मेल्या, आन घ्यायला दुसरं काही सापडलं नाही तुला? सुभाष थोड्याच वेळात बाहेर पडला. त्यानंतर तो आखाजीला भडगावला यायचा, पण ओट्यावर जायचा नाही, घरात पेपर वाचत बसायचा. लोक म्हणाले, धुळ्याचं वारं लागलं, माज आला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मलाही तोंड उघडू दिलं नाही. "घरातलं शे, अक्का. जाऊ दे." ते आत धरूनच गेला माझा भाऊ. दुकानाचं शटर उचलता उचलता कोसळला.

उत्तरकार्याला, गंधमुक्तीला, रवी उभा राहून बोलला, "विश्वास काय असतो, ते दादानं शिकवलं." लोकांनी डोळे पुसले. मी पदर तोंडात कोंबून बसले.

परवा भडगावला आखाजी झाली. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, तशी सुभाषच्या नावाची पहिली घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. दुपारी समोर रवीच्या ओट्यावर सतरंजी पडली. डावा खांब मोकळा होता. सुभाष तिथं टेकून बसायचा. त्याच्या डोक्याच्या तेलाचा काळा डाग अजून आहे लाकडावर. मी जाऊन तिथं बसले. बायका त्या ओट्यावर खेळत नाहीत, पण साठीच्या म्हातारीला कोण उठवणार? म्हटलं, मला पण वाट.

तीनपत्ती चालली होती. तिसऱ्या-चौथ्या डावाला रवी म्हणाला, "आखाजीनी आन, मनाकडे कलर शे." माझ्याशिवाय सगळ्यांनी पानं टाकली. माझ्याकडे नव्व्यांची जोडी होती.

"दाखव," मी म्हणाले.

रवीनं पानं उलटली. तीन बदाम. खरंच कलर होता.

"मी आन घेतली होती, अक्का," तो कसंनुसं म्हणाला.

"गोव्यालाही घेतली होतीस."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं मान खाली घातली. पुढचा डाव कुणी वाटला नाही. मी खांबाला टेकून बसून राहिले.