रीतसर मागितलेली दुवा

चूक माझीच, आणि ती मी अगदी रीतसर केली. नेरूळच्या आमच्या मशिदीत कुणी दुवा मागताना गळा काढला, की मला हसू यायचं. अल्लाह काय बहिरा आहे? कुणी हात उचलताच थेट बढती मागे. आधी ना अल्लाहची स्तुती, ना पैगंबरांसाठीचा दरूद. असल्या अडाण्यांना मी बाहेर चपला घालता घालता धडे द्यायचो.

अम्मी मात्र माझ्याकडे न राहता खांदेश्वरला भाईकडे राहायची. ते मला सलायचं. एकदा नमाजनंतर मी हात छातीपर्यंत उचलले, स्तुती केली, दरूद पढला आणि हळू आवाजात मागितलं, त्या दोघांचं बिनसू दे. नातं तुटावं अशी दुवा मागू नये, हे मीच सगळ्यांना सांगत असे.

पुढे त्यांचं खरंच भांडण झालं आणि अम्मी पिशवी घेऊन माझ्या दारात आली. नमाज संपताच तिनं हात पसरले आणि मोठ्यानं रडत थेट भाईचीच खुशाली मागितली. स्तुती नाही, दरूद नाही. मला धडा देता आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन खांदेश्वरला गेलो आणि दोघांसमोर सगळं सांगितलं.

भाई म्हणाला, "वा रे मौलाना! एवढी ताकद असती तर डोक्यावरचे केस तरी वाचवले असतेस."

अम्मी हसली. मला हसू आलं नाही.

"भाई, अम्मी," मी म्हणालो, "मी तुमचं वाईट मागितलं. मला माफ करा."