पहिल्या पाडव्याची गाठी

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण गेली, आणि त्यानंतर मी देवाशी अबोला धरला. पूजा बंद नाही केली हं. दिवा लावायची, फुलं वाहायची, पण तोंडातून शब्द नाही. घरात भांडण झाल्यावर आपण जेवायचं ताट वाढतो आणि बोलत नाही ना, बिलकुल तसं. तिच्या आजारपणात मी इतकं मागितलं होतं, इतकं विनवलं होतं, की आता मागायला काही शिल्लकच नव्हतं. मनात यायचं, तिकडे कोणी ऐकणारं आहे तरी का?

बहीण देवासला असायची. दर पाडव्याला गुढीची साखरेची गाठी तिच्याकडूनच यायची, तिचं लग्न झाल्यापासूनचा रिवाज. आमच्या इंदूरच्या बाजारात गाठ्या काय कमी मिळतात? पण तिची आली की मगच गुढी पुरी झाली असं वाटायचं. ती गेल्यानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी गाठी विकत आणलीच नाही. स्नेहलतागंजातल्या आमच्या गच्चीवर गुढी उभारली, साडी नेसवली, कडुनिंब बांधला, हार घातला. ह्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "गाठी?" मी म्हटलं, "यंदा नाही." मग चहाच्या वेळी हे म्हणाले, "चल, जानापावच्या डोंगरावर जाऊ. मोटरसायकलवर, पहिल्यासारखं. नैवेद्य वरच्या महादेवाला दाखवू, आणि तो दाखवेपर्यंत मी पण काही खाणार नाही."

मला हसूच आलं. ह्या माणसानं जन्मात कधी उपास केला नाही. म्हटलं, "तुम्हाला हे कधीपासून?"

"तू बोलत नाहीस त्याच्याशी. घरातल्या एकानं तरी संबंध ठेवायला हवेत."

मी श्रीखंड-पुरीचा डबा भरला, पाण्याची बाटली आणि ह्यांची साखर उतरली तर म्हणून नेहमीच्या गोड गोळ्या-बिस्किटं एकाच पिशवीत ठेवली, पंजाबी ड्रेस घातला आणि मागे बसले. ह्यांना साखरेचा आजार आहे. सकाळची औषधाची गोळी हे उठल्या उठल्या घेतात, हाताला सवयच आहे. ती त्यांनी त्या दिवशीही घेतली, आणि वर पोटात काय, तर कडुनिंबाच्या चटणीची चिमूट आणि बिनसाखरेचा चहा. हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. देवाच्या नादात औषध आणि जेवण यांचा मेळ चुकला.

महू मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना पळस नुसता पेटलेला, वारा गार, ऊन कोवळं. हे आरशातून माझ्याकडे बघत होते आणि मी बहिणीचाच विचार करत होते, पण रडू येत नव्हतं. डोंगरावर गाडीरस्ता आहे, तरी ह्यांचा हट्ट, जंगलातल्या पायवाटेनंच चढायचं. गाडी खाली लावली आणि निघालो. अर्ध्याच्या वर चढलो असू. मी चपलेतला खडा काढायला पिशवी दगडावर ठेवली, तेवढ्यात एक काळतोंड्या वानर आला, शांतपणे पिशवी उचलली आणि दरीच्या बाजूच्या झाडावर जाऊन बसला. हे म्हणाले, "चला, नैवेद्य तर पोचला." आम्ही दोघंही हसलो.

थोडं पुढे गेल्यावर मात्र ह्यांचं हसणं थांबलं. मी काही विचारलं तर उगाच खेकसले. ह्यांचा स्वभाव तसा नाही. बघते तर कपाळावर दरदरून घाम, हात थरथरतायत. एका झाडाखाली बसले आणि मला बहिणीच्या नावानं हाक मारली. साखर उतरली होती. गोळ्या-बिस्किटं वानराकडे, मोबाईलला रेंज नाही, वाटेवर माणूस नाही. ह्यांना सोडून खाली धावावं तर परत येईपर्यंत काय होईल? मी ह्यांचं डोकं खांद्यावर घेऊन बसले. इतक्या महिन्यांनी मी देवाशी बोलले, तेही मोठ्यानं. फार काही नाही, एवढंच म्हटलं, "मला काही सुचत नाही. आता तूच बघ."

वळणावरून पैंजणांचा आवाज आला. एक तरुण जोडपं चढत होतं, बाईच्या कडेवर बाळ. नवरा धावला, "क्या हो गया बाऊजी को?" मी कसंबसं सांगितलं, साखर, साखर पाहिजे. बाईनं माझं बोलणं ऐकलं आणि मराठीतच म्हणाली, "मावशी, थांबा." बाळाच्या गळ्यात साखरेची गाठी होती. चोखून चोखून एक बाजू ओली झालेली. तिनं ती गळ्यातून काढली, बाळानं भोकाड पसरलं, आणि नवऱ्यानं दगडावर ती फोडून बाटलीतल्या पाण्यात विरघळवली. आम्ही ह्यांना घोट घोट पाजलं.

ती सांगत होती, माहेर मराठी, सासर माळव्याचं. बाळ झालं तर त्याला कडेवर घेऊन पायी येईन असा नवस बोलली होती. आणि गाठी? "आईनं पाठवलीय, सकाळीच गळ्यात घातली. पहिला पाडवा ना ह्याचा. देवासला असते ती."

देवासला गाठ्या करणारे पुष्कळ आहेत, मला ठाऊक आहे. पण मला रडू आलं. बहीण गेल्यापासून न आलेलं सगळं तिथं आलं. ह्यांनी डोळे नीट उघडले आणि बाळाकडे बघून म्हणाले, "ह्याचं उष्टं खाल्लं मी?"

"उष्टं कसलं," मी म्हटलं, "प्रसाद आहे."

सगळे मिळून हळूहळू वर गेलो. महादेवासमोर दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं. गाठीची एकच चकती दोऱ्यात उरली होती, ती त्या बाईनं पुढे ठेवली आणि मग बाळाच्या हातात दिली. मी हात जोडून उभी राहिले. बाहेर आल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "बोललीस?"

म्हटलं, "हो. उशीर झाला, रागावू नकोस, म्हटलं."

बहीण का गेली हे मला आजही कळलेलं नाही, आणि मी आता विचारतही नाही. सगळं आपल्या हातात घट्ट धरून मी वर्षभर बसले होते. त्या डोंगरावर पिशवी गेली, हात रिकामे झाले, आणि त्या रिकाम्या हातात जे पडलं ते माझ्या बहिणीच्या गावाहून आलेलं होतं. यंदा पाडव्याआधी हे मोटरसायकल पुसायला लागले तेव्हाच मी ओळखलं, परत जानापाव. मी दोन गाठ्या आणल्यात. एक गुढीला, एक त्या बाळाला; त्याच्या आईशी फोनवर ठरलंय, तेही वर येतायत. आता ते चालायला लागलंय म्हणे.