वांग्याची दुसरी पिढी

एरंडोलजवळच्या एका गावात मी विज्ञान शिकवते. माझा आवाज शाळेच्या घंटेपेक्षा मोठा आहे, असं मुलं म्हणतात. म्हणू देत. त्या वर्षी दहावीला आनुवंशिकता शिकवताना मी पुस्तकातल्या वाटाण्याला सुट्टी दिली. आमच्याकडे वाटाणा लावतो कोण? फळ्यावर चार चौकोन आखले आणि संकरित जांभळ्या वांग्याची पुढची पिढी मांडली: तीन जांभळी, एक हिरवं.

एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमचे आबा संकरित वांग्याचंच बी धरतात. मग आमच्याकडे हिरवी येतील?"

"येतील की! चार बिया लावून बघ," मी म्हणाले. झक मारली आणि म्हणाले.

आबा म्हणजे तिचे वडील; त्यांच्या बियाणाला गावात मान. सगळ्यात चांगलं फळ तोडायचं नाही, देठाला चिंधी बांधून झाडावरच पिकू द्यायचं आणि त्याचं बी धरायचं, ही त्यांची रीत. भरताच्या गावरान वांग्याला ती चोख लागू पडे. पण आता त्यांनी दुकानातून आणलेल्या संकरित वांग्यालाही चिंधी बांधली होती, आणि पुढच्या हंगामात अख्खं वावर त्याच बियांवर लावायचा बेत होता. पोरीनं हरकत घेतली, तर ते हसले. तिला दहावीनंतर जळगावला राहून सायन्स घ्यायचं होतं, त्याला तर त्यांचा साफ नकार. शेवटी बापलेकीची पैज लागली. पुस्तकातलं शेतात दिसलं तर जळगाव, नाहीतर शिक्षण बंद.

चार रोपं वाढली, आणि चारही जांभळी! वडील थेट वर्गाच्या दारात. "बठ्ठं जांभळं शे, मॅडम!" पोरं खदाखदा हसली. ती मात्र मान खाली घालून बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक माझी होती. चार चौकोन म्हणजे चार झाडं नव्हेत. नाणं चारदा उडवलं तर दोनदा छापा पडेलच, असं कुठं असतं? ते प्रमाण पुष्कळ झाडांत दिसतं, आणि नेमकं तेच मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कबूल केलं आणि तडक त्यांचं वावर गाठलं.

"भाऊ, एक अख्खी सरी द्या, त्याच बियांची. हरले तर पोरीच्या शिक्षणाबद्दल चकार शब्द काढणार नाही."

त्यांनी हसत हसत सरी दिली.

परीक्षा आटोपल्यावर उन्हाळ्यात तिचा फोन आला. बोलत कसली होती, नुसती किंचाळत होती. जाऊन बघते तर सरीत जांभळी पुष्कळ, पण मधूनमधून हिरवीगार! काही झाडं बुटकी, काहींच्या देठांना काटे. तिनं एकेक झाड वहीत मांडलं होतं. अगदी तिनास एक नव्हतं, पण जवळपास होतं. भर उन्हात मी टाळ्या पिटल्या, नाचायचीच काय ती बाकी राहिले.

वडील सरीच्या टोकापर्यंत जाऊन आले. एक हिरवं वांगं त्यांनी तोडून हातात फिरवलं. अख्खं वावर लावलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मी नुसती पोरीची वही त्यांच्यापुढे धरली.

"पोर खरं सांगे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, जळगावना कॉलेजना फारम कोठे भेटस?"