रोझाचे डोळे

बेल्जियममधल्या ब्रूज शहराच्या बाजारचौकात एकतीस वर्षं घोडागाडी हाकणाऱ्या योरिसला गेली दोन वर्षं धड दिसत नव्हतं, आणि हे गुपित फक्त त्याच्या म्हाताऱ्या घोडीला, रोझाला ठाऊक होतं. लगाम नुसता हातात असायचा, वळणं तीच घ्यायची. मठाजवळच्या हौदावर ती पाण्याला थांबली, की हा चाबूक उचलून डावीकडं दाखवायचा आणि प्रवासी माना वळवायचे.

सोमवारी रोझा पायानं लंगडू लागली. दुसऱ्या दिवशी गाडीच्या मालकानं तरणा घोडा जोडून दिला. पहिल्याच फेरीला एक बाई बसली. योरिस सवयीनं बोलत राहिला आणि टापा थांबल्यावर त्यानं चाबूक उचलला.

"ते बघा बाईसाहेब, आठशे वर्षांचा मठ."

"आजोबा, थट्टा करताय होय? छत्र्यांचं दुकान आहे ते!" बाई खळखळून हसली.

घोडा दोन गल्ल्या फिरून चौकातल्या गाड्यांपाशीच परतला होता. शेजारची गाडीवाली हिल्डा ओरडली, "काय रे म्हाताऱ्या, शहर आटपलं एवढ्यात?" पण जवळ येऊन त्याचे डोळे बघितल्यावर तिचा आवाज पडला. "कधीपासून रे हे?"

"रोझा येऊ दे गं परत. चार दिवसांचा प्रश्न आहे."

"सकाळीच नेली तिला, योरिस. कसायाकडं."

योरिसनं लगाम गोळा करून हिल्डाला द्यायला डावीकडं धरला. हिल्डा दुसऱ्या बाजूला उभी होती.