गोळ्या द्यायला नकार देणाऱ्या डॉक्टर

डॉ. कुंदाताई गेल्याचं मला शाळेत कळलं. मधल्या सुट्टीत त्यांच्या मुलीचा फोन आला. "आई सकाळी गेली... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. त्याला आता महिना होईल.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझा आवाज पार बसला होता. मी प्राथमिक शिक्षिका. दिवसभर चाळीस मुलांपुढे बोलायचं आणि रविवारी कॉलनीतल्या विहारात वंदना सांगायची. घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. मग शेजारणीने इंदिरानगरमधल्या या होमिओपॅथिक डॉक्टरांचं नाव सांगितलं. मला ऑपरेशनची भारी भीती, त्यामुळे साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांवर भागणार असेल तर हवंच होतं. ताईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. पाणी गार आवडतं की कोमट, आवाज सकाळी जास्त बसतो की संध्याकाळी, राग आला की रडू येतं का... मला हसू आलं, पण बरंही वाटलं. इतकं खोदून मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी दिलेल्या आठवड्याच्या गोळ्या संपवून गेले तर आवाज तसाच. म्हटलं, "ताई, औषध बदलून द्या ना."

"आवाज बसून आता एकूण किती दिवस झाले?"

"महिना होऊन गेला."

"मग आता गोळ्या नाहीत. गंगापूर रोडला घशाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून दुर्बिणीने तपासून घे."

मी चिडले. बाहेर पेशंट बसलेत याचंही भान राहिलं नाही. "तुमचाच तुमच्या औषधावर विश्वास नाही का?"

त्या शांतच होत्या. "आत काय आहे ते मला दिसत नाही गं. न बघता देत राहिले तर ती फसवणूक होईल."

मी तणतणत घरी आले आणि तपासायला गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटली तर फाटकाशी रिक्षा, आत ताई. "बस. दवाखाना बंद ठेवलाय आज."

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं, स्वरतंतूवर बारीक गाठ होती. तपासणीत कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. ताई जमेल तेव्हा डबा घेऊन यायच्या. त्या दिवसाबद्दल मी माफी मागू लागले की विषय बदलायच्या. माझा आवाज थोडा खरखरीत झाला, पण राहिला.

पुन्हा वंदना सांगायला लागले त्या रविवारी ताई विहारात आल्या, सगळ्यात मागे बसल्या. मग येतच राहिल्या. मी आवाज चढवला की तिथूनच तळहात खाली करून खुणवायच्या... सावकाश.

परवाच्या रविवारी वंदना सांगताना आवाज चढला. नजर आपोआप मागे गेली. तिथे दुसरंच कुणीतरी बसलं होतं. मी थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि पुढची ओळ हळू म्हटली.