सासूबाईंनी पाटी उचलली

घरात जड उचलायला माणूस हवं होतं, म्हणून माझं लग्न घाईनं उरकलं. हे कुणी लपवूनही ठेवलं नव्हतं. मला बघायला आले तेव्हाच थोरल्या बाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मोठ्या जावेनं, माझे दंड चाचपून पाहिले आणि माझ्या आईला म्हणाल्या, "आमच्या धाकटीची पाळी जायला लागली. आता तिनं जड उचलायचं न्हाई. पोरगी धट्टीकट्टी हाय, आमाला दुसरं काय नको."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. सासूबाई शेहेचाळीसच्या आसपास असतील. नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातलं आमचं गाव, घर शेतकऱ्याचं, पण सगळी जमीन पावसाच्या भरवशावरची. थोरल्या बाई विधवा होत्या. त्यांच्या मुली लग्न होऊन गेलेल्या आणि धाकटा मुलगा मामाकडे शिकायला. घरात शब्द त्यांचाच चाले. त्यांचं म्हणणं असं, की पाळी जाताना बाईची पिशवी ढिली होते, हाडं पोकळ होतात आणि अशात हंडा जरी उचलला तरी अंग बाहेर पडतं. गावातल्या सगळ्याच बायका थोड्याफार फरकानं हेच सांगत.

त्यामुळे हंडा मी आणायचा, पोतं मी सरकवायचं, सरपणाची मोळी माझ्या डोक्यावर. सासूबाई धान्य निवडत बसायच्या. मूळची ती उंच, रुंद खांद्यांची बाई. पण दोन वर्षांत त्यांच्या मांड्या वाळून गेल्या. उठताना भिंतीला हात लावावा लागे. कंबर धरून बसायच्या. थोरल्या बाई म्हणायच्या, "बघ, तुला सांगत हुते का न्हाई? वय झालं आता." बसून राहिल्यानंच असं झालं असेल, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरीचा तळ दिसला. सासरे आणि आमचे हे, दोघं बैल घेऊन शिर्डीच्या बाजूला कालव्याच्या पट्ट्यात पाव्हण्यांकडे गेले. घरात आम्ही तिघी बायका राहिलो. गावापासून दोन मैलांवर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं, तिथं मी जायला लागले. आठ दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "मीबी येते." थोरल्या बाईंनी एकाच अटीवर सोडलं : बसून खडी फोडायची, उचलायचं काही नाही.

खडीच्या ढिगावर त्या महिनाभर बसल्या. वाकून बसून त्यांची कंबर आणखीच धरली. मी खाली खड्ड्यात फावड्यानं पाट्या भरायचे आणि बाकीच्या बायका त्या डोक्यावर घेऊन भरावावर नेऊन ओतायच्या. आमच्या टोळीत बौद्ध वस्तीतल्या एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. भरलेली पाटी चुंबळीवर ठेवून त्या अशा सरळ चढून जायच्या, की तरण्या पोरी मागं पडायच्या. सासूबाई हातोडा थांबवून त्यांच्याकडे बघत राहायच्या.

एक दिवस कामावर वाटलेली सुकडी खाताना त्यांनी विचारलंच, "तुमची पाळी कवा गेली हो?"

"झाली की सात-आठ वरसं," त्या बाई म्हणाल्या.

"मग एवढं उचलता, काय हुत न्हाई?"

"काय व्हायचंय? आमाला कुनी बसा म्हनलंच न्हाई, बाई. आमी बसलो तर चूल कशी पेटायची?"

त्या हसल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. हातातली सुकडी तशीच ठेवून त्या भरावाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या खडीच्या ढिगाकडे गेल्याच नाहीत. सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "सूनबाई, पाटी भर. पार भरू नको, अर्धीच."

मी फावडं थांबवलं. "आत्याबाई, थोरल्या बाईंना कळलं तर माझी खैर नाही."

"त्यांना सांगायला कोन चाललंय? तू भर."

उचलावं कसं हे त्यांना त्या बौद्ध वस्तीतल्या बाईंनी शिकवलं. "कमरंत वाकू नका, गुडघ्यात बसा. पाटी आदी पोटाशी घ्या. दम कोंडायचा न्हाई, श्वास सोडत उठायचं." पहिले चार दिवस सासूबाईंचं सगळं अंग ठणकत होतं. घरी आल्यावर जेवण झालं की त्या आडव्या व्हायच्या आणि थोरल्या बाईंना वाटायचं, खडी फोडून दमली. पंधरा दिवसांनी अर्ध्याची पाऊण पाटी झाली. दीड महिन्यात त्या भरलेली पाटी नेऊ लागल्या. पाळी जायला लागल्यापासून अंगातून मधूनच वाफा निघायच्या, त्या काही थांबल्या नाहीत, भर उन्हात तर जीव नकोसा व्हायचा. पण भिंतीला हात न लावता त्या उठायला लागल्या. एकदा पाटी ओतून खाली येत मला म्हणाल्या, "ए, फावडं उचल की. माझी पाटी रिकामी हाय."

कामावर महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई यायच्या. बायका त्यांना ताप-खोकल्याचं सांगायच्या. सासूबाईंनी चारचौघींत सरळ विचारलं, "पाळी जाताना जड उचललं तर अंग बाहेर येतं का?"

नर्सबाई म्हणाल्या, "पाळी जाते म्हणून बाई मोडकी होत नाही. उलट नुसतं बसून राहिलं तर हाडं लवकर झिजतात. बेतानं वाढवत नेलं, तर उचलायला हरकत नाही. पण खाली जड वाटत असेल, काही बाहेर आल्यासारखं वाटत असेल, खोकताना लघवी सुटत असेल, तर लाजू नका. अशा बाईनं उचलायच्या आधी मला दाखवायचं. बहुतेक वेळा ते बाळंतपणातलं दुखणं असतं. पाळी गेली की जास्त जाणवतं, एवढंच."

त्या दिवशी घरी येताना गावाजवळ सासूबाई म्हणाल्या, "थोरल्या बाई उकिडव्या बसल्याल्या तू कधी बघितल्या का?"

मी आठवून पाहिलं. खरंच, कधीच नाही. त्या नेहमी पाटावर बसायच्या, पाय फाकून चालायच्या, आणि पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी जुनेराची फडकी वेगळी धुऊन वाळत घालायच्या. रोज डोळ्यांपुढं होतं, पण आम्ही कधी विचार केला नव्हता.

सासूबाई त्यांच्याशी बोलायची वेळ बघत होत्या. तेवढ्यात बिंग फुटलं. मी भाकरी विसरून आले होते, म्हणून दुपारी थोरल्या बाई स्वतःच कामावर आल्या. समोर त्यांची धाकटी जाऊ भरलेली पाटी घेऊन भराव चढत होती.

"उतर खाली! मरायचंय का तुला?" त्या ओरडल्या. सगळं काम थांबलं. मग माझ्याकडे वळल्या, "आन तू? तुला घरात कशासाठी आनली?"

सासूबाईंनी पाटी खाली टाकली नाही. वर गेल्या, ओतली, रिकामी पाटी घेऊन शांतपणे खाली आल्या. थोरल्या बाईंचा हात धरून त्यांना बाभळीखाली नेलं. मी मागोमाग गेले.

"जाऊबाई, मला काय झालेलं न्हाई. तुमाला काय झालंय ते सांगा."

थोरल्या बाई आधी चिडल्या, मग पदर तोंडात धरून रडायला लागल्या. त्यांना मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. "धाकट्याच्या बाळंतपनात पाचव्या दिवशी उठले. तू म्हायेरी गेल्याली, घरात दुसरी बाई न्हवती. विहिरीवरनं पानी आनलं, त्याच दिवशी खाली काय तरी आल्यासारखं झालं. सोळा वरसं झाली. कुनाला सांगू? पाळी गेल्यावर तर लईच वाढलं. तुझी पाळी जायला लागली आन मला भ्या वाटलं. तुझं तसं हू नये म्हनून तुला बसवलं, दुसरं काय न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, "तुमी माझी काळजी केली. आता मला तुमची करू द्या."

पुढच्या खेपेला नर्सबाईंनी त्यांना तपासलं आणि नगरच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. थोरल्या बाई एसटीत बसेपर्यंत नाही-नाही म्हणत होत्या. तिथं त्यांचं ऑपरेशन झालं. सासूबाई पंधरा दिवस त्यांच्या उशाशी होत्या. मी कामावर एकटी जात होते, तर रोज कुणी ना कुणी बाई येऊन हळूच विचारायची, "तुझी थोरली सासू बरी हाय का? मलाबी तसंच हुतंय." पुढं आमच्या एकट्या गावातून तिघी जणी नगरला जाऊन आल्या.

थोरल्या बाई परत आल्या त्या सावकाश चालत, पण पाय जवळ टाकत. डॉक्टरांनी त्यांना उचलायचं मना केलं होतं ते काही महिन्यांपुरतंच. घरात आता कोणी कुणाला वयावरून बसवत नव्हतं. पाऊस पडून काम बंद झालं तरी सासूबाई शेतात माझ्या बरोबरीनं खताच्या पाट्या वाहत होत्या. माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मात्र दोघींनी मिळून मला सव्वा महिना बाजेवरून उठू दिलं नाही. मी तांब्या उचलला तरी थोरल्या बाई हातातून काढून घ्यायच्या.

सासूबाई सत्तरीपर्यंत शेतात राबल्या. माझी पाळी गेली तेव्हा मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, मी आता काय जपू?"

त्या म्हणाल्या, "नीट जेव, नीट झोप. आन दुखलं तर लपवू नको."